कपाळाला लावलेलं मत

सुपरमार्केटात पैसे देऊन मी पिशव्या ट्रॉलीत भरत होते. माझ्या मागे रांगेत एक माणूस उभा होता. हिरवी टोपी, पांढरट दाढी, हातात दुधाचा कॅन; दिसायला अगदी साधा. काउंटरवरच्या मुलीनं त्याला बिल दिलं. त्यानं ते घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, देवाचा अंगारा लावावा तसं, ते बिल स्वतःच्या कपाळाला टेकवलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरातली ती आमची केल्सो काउंटी म्हणजे कोळशाच्या बंद पडलेल्या खाणी, हरणांची शिकार आणि चर्चमधली जेवणं. आपलं माणूस औषधाला सापडायचं नाही. आणि हा टोपीवाला चक्क कागद कपाळाला लावतोय. म्हटलं, कधीतरी पुण्या-नाशकात राहून आला असेल, योगाबिगा शिकायला. मी तोंडभर हसले आणि कुठे शिकलात म्हणून विचारलं.

तो हसला नाही. बोललाही नाही. कागद तसाच कपाळाला धरून माझ्याकडे बघत राहिला. काउंटरवरची मुलगी, जिला ती शाळेत असताना मी ग्रंथालयातून पुस्तकं दिली होती, ती खाली बघून उगाच पिशव्या मोजायला लागली.

मी बाहेर आले. पार्किंगमध्ये एक बाई गाडीत बसली होती, काचा वर केलेल्या. माझी ट्रॉली समोरून गेली तशी तिनं पुढ्यातला कसलासा कागद उचलला आणि काचेमागून तो कपाळाला लावला. तिच्या शेजारी बसलेल्या म्हातारीनंही लावला. मी गाडीची किल्ली शोधत होते आणि मला ती पर्समध्ये सापडत नव्हती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे म्हणजे चौबळसाहेब, जन्मभर वीजकेंद्रात बॉयलर सांभाळले, त्यांना डोळ्यांनी दिसलं तरी आधी आकडा लागतो. "अगं, घाम पुसत असतील," म्हणाले. नोव्हेंबर महिना, बाहेर पाणी गोठतंय, आणि ह्यांना घाम आठवला.

तेवढ्यात सिॲटलहून मिहिरचा, माझ्या मुलाचा, फोन आला. एरवी "कशी आहेस" म्हणायला रविवार उजाडावा लागतो त्याला. आवाज दबका होता. "आई," म्हणाला, "तू मतमोजणीत काय केलंस?"

आता हे जरा मागे जाऊन सांगते.

आमच्या काउंटीत टपालानं आलेली मतं मोजायला गावातलीच माणसं घ्यायचे. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले तेव्हापासून जायची. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टेबलं मांडायची आणि प्रत्येक टेबलाशी दोघांनी बसायचं, एक ह्या पक्षाचा, एक त्या पक्षाचा. मताला एकट्यानं हात लावायचा नाही, हा नियम. जोडीदार पाणी प्यायला उठला तर दुसऱ्यानं दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवून बसायचं. एकमेकांवर विश्वास नाही म्हणून ही रीत काढलेली, पण मजा अशी की वर्षानुवर्षं त्यातूनच विश्वास तयार झाला होता.

माझी जोडीदारीण वर्ना होल्टझ. घराच्या तळघरात तिचं केस कापण्याचं दुकान होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिचा पक्ष एक, माझा दुसरा. कुठला कुणाचा ते सांगत नाही, कारण त्यानं ह्या गोष्टीत काडीचा फरक पडत नाही. दर निवडणुकीला आम्ही शेजारी बसायचो. ती लिफाफा उघडायची, मी मत बाहेर काढून सपाट करायची. डब्यातून मी तिला थालीपीठ द्यायची, ती मला भोपळ्याचा केक. राजकारणावर एक अक्षर बोलायचं नाही असं न ठरवता ठरलेलं होतं.

अलीकडे मात्र वारं फिरलं होतं. मतं चोरीला जातात, असं टीव्हीवर रोज कुणीतरी सांगायचं. कोण चोरतं, कुठे चोरतं, ह्याचा पत्ता नाही, पण चोरी होते एवढं नक्की. मग काउंटीनं लोकांच्या समाधानासाठी हॉलच्या कोपऱ्यांत कॅमेरे बसवले. घरबसल्या कुणीही, देशातून कुठूनही, आम्हाला मोजताना बघू शकेल. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं. वर्ना तर त्या दिवशी केस सेट करून आली होती.

दुपारी एक मत माझ्या हातून निसटलं. टेबलाखाली गेलं, त्यावर माझा बूट लागला. मी वाकून उचललं, कपाळाला लावलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. बस, एवढंच. मला त्याची आठवणसुद्धा नव्हती.

माझ्या वडिलांचा साताऱ्यात छापखाना होता. लग्नपत्रिका, हळदीकुंकवाची बोलावणी आणि दर निवडणुकीला सगळ्या पक्षांची पत्रकं. घरभर कागदच कागद. पाऊल टाकलं की पायाखाली काहीतरी यायचंच. आणि आई स्वयंपाकघरातून न बघता ओरडायची, "लागला ना पाय? पाया पड." छापलेलं ते सरस्वती, मग ते बेडेकरांचं लग्न असो की बैलजोडी-पणती-झोपडी असो. त्यामुळे माझा हात दिवसातून कितीदा कपाळाला जायचा ह्याचं मला भान नसायचं. श्वासाचं कुठे असतं.

मिहिर म्हणाला, त्या क्षणाची फिल्म काढून कुणीतरी इंटरनेटवर टाकली होती. संथ केलेली. माझ्या हाताभोवती लाल गोल. मग माझं कपाळ मोठं करून, मग कपाळावरची टिकली ताटाएवढी करून. खाली लिहिलं होतं, ही खूण काय आहे? मत तिथे का टेकवलं? कुणी म्हणे टिकलीत यंत्र आहे, ते मत वाचतं. कुणी म्हणे वाचत नाही, बदलतं. लाखो लोकांनी बघितलं होतं.

मी हसायलाच लागले. वीस रुपयांच्या पाकिटातली टिकली, तुळशीबागेतून आणलेली, घाम आला की आरशाला चिकटवून ठेवायची. म्हटलं, डोंबलाचं यंत्र.

"आई, ऐक," मिहिर म्हणाला. "खाली कुणीतरी एक ओळ लिहिलीय, सगळे तीच पुढे पाठवतायत. 'त्यांच्याशी बोलू नका. आम्ही पाहिलंय, एवढं फक्त कळू द्या.'"

माझं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून मला सगळीकडे कळत गेलं. पेट्रोलपंपावर, बँकेत, पोस्टात. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. शिव्या चालल्या असत्या. मी साताऱ्याची आहे, मलाही येतात. पण ही माणसं गप्प. रस्त्यावरून जाताना एखादा थांबायचा, खिशातून कागद काढायचा, कपाळाला लावायचा आणि बघत राहायचा. औषधाच्या दुकानातल्या फ्रँकनं, जो माझ्या बीपीच्या गोळ्या देताना ह्यांची चौकशी करायचा, माझंच प्रिस्क्रिप्शन घेऊन कपाळाला लावलं आणि मग नेहमीसारखं विचारलं, "गोळ्या जेवणाआधी की नंतर, माहीत आहे ना?"

मग आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, माणसं उभी राहू लागली. भर दुपारी, स्वच्छ उन्हात. त्यांच्या कपाळावर लाल ठिपके होते. बायकांनी लिपस्टिकचे काढलेले, पुरुषांनी मार्करचे. हातात कोरे कागद. मी खिडकीचा पडदा सरकवला की सगळे हात एकदम वर जायचे. त्यांतल्या काहींना मी ओळखत होते, आणि ठिपका लावल्यावर ती माणसं माझ्या माहेरच्या कुणासारखी तरी दिसायची. एक बाई तर हुबेहूब आमच्या कमलआत्यासारखी. मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त भीती त्या बाईची वाटली.

ह्यांनी शेरीफच्या ऑफिसात फोन केला. तिथला एक तरुण हवालदार आला, भला वाटला. म्हणाला, रस्ता सरकारी आहे, उभं राहणं गुन्हा नाही, कागद धरणंही नाही. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि गाडीत जाऊन बसला. जाताना त्यानं वही वर उचलली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून उचलली की कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"टिकली काढ तू," हे म्हणाले. मी म्हटलं, मेले तरी काढणार नाही. चांगली तणतणले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आरशासमोर उभी राहिले, पाकिटातून टिकली काढली आणि लावायच्या ऐवजी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. नखानं तिचा डिंक खरवडला. मागेपुढे करून बघितली. मीच. आत काही आहे का ते बघत होते. मग भानावर आले. ती टिकली मी केराच्या डब्यात टाकली आणि त्यानंतर लावली नाही.

नुसतं माझ्यापुरतं असतं तर सोसलं असतं. पण एकानं काउंटीच्या निवडणूक मंडळाकडे रीतसर हरकत घेतली. मागणी अशी, की चौबळ आणि होल्टझ ह्यांच्या टेबलावर मोजलेली मतं बाजूला काढावीत, निकालात धरू नयेत. आमच्या टेबलावर होती डोंगरावरच्या वृद्धाश्रमातली मतं. तिथे मिस युडोरा पेल होत्या, नव्वदी पार केलेल्या, माझ्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. प्रत्येक निवडणुकीनंतर मी भेटायला गेले की हात धरून एकच विचारायच्या, "माझं मोजलं ना गं?" ह्या वेळी मी जायचं टाळत होते. काय सांगणार होते मी त्यांना?

मंडळात तिघे जण. एक आमच्या बाजूचा, एक हरकतीच्या बाजूचा, आणि मधले अध्यक्ष स्टॅम्बॉ, लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांनी मला आधीच फोन करून स्पष्ट सांगितलं होतं, की ही तुमची जुनी सवय आहे असं तुमच्या जोडीदारणीनं, दुसऱ्या पक्षाच्या बाईनं, सांगितलं तर माझं समाधान होईल. तुमच्या एकटीच्या शब्दावर मला जाता येणार नाही.

म्हणजे सगळं वर्नावर आलं. मला हायसं वाटलं. कारण वर्नाला माहीत होतं. पहिल्याच वर्षी मी असं केलं तेव्हा तिनं विचारलं होतं आणि मी आईची सगळी गोष्ट सांगितली होती. तिला ती फार आवडली होती. म्हणाली होती, मुलं वाढवायची ही चांगली पद्धत आहे.

मी तिच्याकडे गेले. तळघराच्या पायऱ्या उतरले तर दुकान रिकामं. शनिवार सकाळ, एरवी तिन्ही खुर्च्या भरलेल्या असायच्या, बायकांच्या डोक्यांवर ती गरम हवेची टोपडी आणि अखंड गप्पा. वर्ना एकटी उभी राहून धुतलेले टॉवेल पुन्हा घड्या करत होती. गिऱ्हाइकं येत नाहीत म्हणाली. फोन करून वेळ रद्द करतात, कारण सांगत नाहीत. तिच्या जावयानं तिला विचारलं होतं, की आई, तू तिच्या शेजारी बसली होतीस आणि तुला काहीच दिसलं नाही?

मी तिला म्हटलं, तू फक्त खरं सांग. ती टॉवेलाची घडी करत राहिली. मग म्हणाली, "नीला, ते अजून माझ्या घरासमोर आलेले नाहीत."

कोर्टाच्या जुन्या इमारतीत सकाळी सुनावणी ठेवली होती. हिरवळीवर माणसं उभी होती, ठिपके लावून, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना. आम्ही मधून वर चढलो तसे कागद वर जात गेले, लग्नात अक्षता टाकायला हात उचलतात तसे. कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. आतला हॉलही भरलेला. माझ्या बरोबर मागे तो सुपरमार्केटातला माणूस होता, आता टोपी मांडीवर आणि कपाळावर ठिपका. जवळून बघितलं तर थकलेला चेहरा, माझ्याच वयाचा. मला त्याच्याशी बोलावंसं वाटलं. तो माझ्या आरपार बघत होता.

आधी मला बोलावलं. मी सांगितलं ते आईचं, छापखान्याचं, पाय लागण्याचं. सांगताना माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं. पाय लागला म्हणून कागदाच्या पाया पडले, असं मोठ्या माणसांच्या सभेत इंग्रजीत म्हणून बघा एकदा. स्टॅम्बॉ सभ्यपणे लिहून घेत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग वर्नाला बोलावलं.

"मिसेस होल्टझ, ह्या बाई मत कपाळाला लावतात, हे तुम्ही पूर्वी कधी पाहिलंय?"

वर्नानं माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या मागे बघितलं, त्या सगळ्या कपाळांकडे.

"नाही," ती म्हणाली.

"ते कशासाठी करतात, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. मला काही माहीत नाही."

शेजारी ह्यांनी माझा हात धरला, तो मी सोडवून घेतला. आठवली मला मिस पेलची सुरकुतलेली बोटं. आणि आठवला भोपळ्याचा केक, इतकी वर्षं खाल्लेला. संताप संताप झाला. डोळ्यांतलं पाणी मी कुणाला दिसू देणार नव्हते, म्हणून छताकडे बघत बसले. तिथेही कोपऱ्यात कॅमेरा होता.

कारकुनानं वर्नाचं म्हणणं टाइप करून तिच्यापुढे सहीला ठेवलं. तिनं चष्मा लावला, कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. कागद निसटला आणि लाकडी जमिनीवर घसरत गेला. धरायला म्हणून ती पुढे झाली आणि तिचा बूट त्यावर पडला.

वर्ना गुडघ्यावर हात देऊन वाकली. कागद उचलला. आणि डोळे मिटून तो कपाळाला लावला.

मग टेबलावर ठेवून तिनं पेन शोधायला हात पुढे केला. तिला पत्ताच नव्हता. हॉलमध्ये कुणी हलत नाही, कारकुनाचा हात तसाच राहिलाय, स्टॅम्बॉ टक लावून बघतायत, हे लक्षात यायला तिला थोडा वेळ लागला.

"मिसेस होल्टझ," स्टॅम्बॉ म्हणाले, "आत्ता तुम्ही काय केलंत?"

वर्नानं स्वतःच्या हाताकडे बघितलं, तो कुणा दुसऱ्याचा असावा तसं.

"पाय लागला माझा," ती म्हणाली. मग अगदी हळू, "कागदाला पाय लागला की असं करतात. नीलानं सांगितलं होतं मला. पहिल्याच वर्षी."

आमच्या टेबलावरची मतं धरायची असं मंडळानं ठरवलं, दोन विरुद्ध एक. मी त्याच दुपारी वृद्धाश्रमात जाऊन मिस पेलना सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला आणि झोपून गेल्या.

पण ते नंतर. त्या वेळी हॉलमध्ये निर्णय वाचून झाला तेव्हा कुणी आरडाओरडा केला नाही. ठिपकेवाले एकेक करून उठले, वर्नाकडे तोंड केलं आणि कागद कपाळाला लावले. माझ्याकडे आता कुणी बघतही नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर मी तिला गाठलं आणि विचारलं, का खोटं बोललीस?

"मला घरी जायचं होतं, नीला," ती म्हणाली. "डोक्यात दुसरं काही नव्हतंच."

मला तिला मिठी मारायची होती आणि तिच्यावर ओरडायचंही होतं. मी दोन्ही केलं नाही. माझ्या मनात आलं, की तिच्या जागी मी असते तर तसं खोटं बोलले नसते. दुसऱ्या दिवसापासून ते वर्नाच्या घरासमोर उभे राहू लागले. तिनं दुकान बंद केलं आणि ती मुलीकडे ॲरिझोनाला निघून गेली. आम्हीही घर भाड्यानं देऊन मिहिरकडे सिॲटलला गेलो.

तिथे बरीच वर्षं गेली. मग हे गेले. मिहिर नको नको म्हणत असताना मी केल्सोला परत आले, कारण माझं म्हणावं असं घर तेच होतं. गाव बदललं होतं. खाणीच्या जागेवर मोठमोठी गोदामं झाली होती, लांबलांबून माणसं कामाला आली होती. फ्रँकचं दुकान नव्हतं. मला कुणी ओळखलं नाही. निम्मे लोक नवे, आणि जे जुने ते टिकली ओळखत होते. ती तर मी कधीच सोडलेली.

निवडणूक आली तशी मी मत द्यायला गेले. तोच अग्निशमन दलाचा हॉल. आता मतं तिथेच कागदावर भरून, स्वतःच्या हातानं यंत्रात सरकवायची होती. मी रांगेत उभी राहिले. पुढे एक तरुण बाई होती, गोदामाचं जाकीट घातलेली. तिनं मत भरलं, यंत्रापाशी गेली, कागद कपाळाला लावला आणि आत सरकवला.

मी खांबासारखी उभी राहिले. तिच्यानंतरच्या माणसानं तेच केलं. त्याच्यानंतरच्या म्हातारीनंही. कुणी कुणाकडे रोखून बघत नव्हतं. कुणी हसत नव्हतं. चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात तितकं सहज.

पेन परत ठेवायला ती जाकीटवाली आली, तेव्हा मी तिला विचारलं, हे का करतात?

"मत आपलं राहतं त्यानं," ती म्हणाली. कुणी सांगितलं, म्हटलं. तिला प्रश्नच कळला नाही. "सांगायला कशाला हवं? आमच्याकडे पहिल्यापासून असंच करतात."

मी माझ्यापुरता तर्क केला. त्या सुनावणीनंतर काहींनी वर्नासाठी म्हणून लावलं असेल. काहींनी आमच्यासारख्या बायकांनी मत पळवू नये म्हणून, आपला शिक्का आपणच आधी मारावा तसं. पुढच्या निवडणुकीला दोघांनीही लावलं असेल, आणि त्याच्या पुढच्या वेळी कोण कशासाठी लावतंय ते विचारायचं कुणाला सुचलं नसेल. आई म्हणायची त्यातलं काहीच इथे उरलं नव्हतं. पाय कुणाचाही लागलेला नव्हता.

माझी पाळी आली. यंत्रापाशी गळ्यात बिल्ला घातलेला एक कोवळा तरुण उभा होता, वागायला गोड. मी मत सरकवायला हात पुढे केला. माझा हात कपाळाकडे गेला नाही. तो जायचा कधीच बंद झाला होता. आता कागदाला पाय लागला तर मी आधी वर बघते, कोपऱ्यात.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "आधी कपाळाला. म्हणजे सक्ती नाही. पण आमच्याकडे लावतात."

मागे रांग थांबली होती. मी मान वळवून बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणी रागानं नाही, नुसते बघत होते, हातात आपापली मतं धरून.

"तुम्ही इथल्या नाही वाटतं," तो म्हणाला. "माहीत नाही तुम्हाला हे?"

साताऱ्याचा छापखाना माझ्या घशापर्यंत आला होता. आई, वर्ना, सगळं.

"नाही," मी म्हटलं. "मला काही माहीत नाही."

तो समजूतदारपणे हसला. शेजारचा एक कोरा कागद उचलून त्यानं मला करून दाखवलं, डोळे मिटून, सावकाश. म्हणाला, असं. मला घरी जायचं होतं. त्यानं दाखवलं तसं मी केलं.